गुरुवारी गैरहजर

दर गुरुवारी अकोल्याहून एक माणूस एसटीनं अमरावतीला यायचा, माझ्या दुकानात काहीही विकत न घेता संध्याकाळपर्यंत बसायचा आणि पाचच्या गाडीनं परत जायचा. असं सलग चार वर्षं चाललं. पहिले तीन महिने मला वाटलं, हा माणूस माझ्यावर पाळत ठेवून आहे. पुढचे तीन महिने वाटलं, याला घरात कुणी विचारत नसावं. खरं कारण कळलं तेव्हा मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. अकोल्यात लोक त्याला फार विचारत होते, म्हणून तो पळून येत होता.

शालिकभाऊ गावंडे. अकोल्यात त्यांची डाळ मिल होती. फार मोठी नव्हे. बारा-तेरा माणसं, एक सिमेंटचं लांबरुंद पटांगण, कोपऱ्यात कडुलिंब. तूर विकत घ्यायची, तिला तेल-पाणी लावायचं, उन्हात वाळवायची, भरडायची, डाळ करायची. माझं दुकान मशिनच्या पट्ट्यांचं आणि बेअरिंगचं. पिठाच्या चक्कीपासून डाळ मिलपर्यंत जे जे फिरतं ते फिरतं ठेवायचं, हा माझा धंदा. ओळख झाली ती एका तुटलेल्या पट्ट्यावरून. पट्टा बदलला, शालिकभाऊ मात्र कायमचे बसले.

अंगानं काटक, वय सत्तरीच्या अलीकडे. तरुणपणी टोपी घालायचे, ती सोडून वीस वर्षं झाली होती, पण दर पाच मिनिटांनी हात डोक्याकडे जायचा आणि नसलेली टोपी नीट करून खाली यायचा. दुकानात आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे खिशातला मोबाइल काढायचा, माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि ड्रॉवर पोटानं ढकलून बंद करायचा.

"वाजला तं उचलू नोको."

"भाऊ, काही महत्त्वाचं असलं तर?"

"महत्त्वाचं असंल तं अजिबातच नोको उचलू."

मग सुरू व्हायचा त्यांचा दिवस. "हे बारके बेअरिंग वरच्या फळीवर काहून ठेवले? खाली घे." "ह्या पाटीचा निळा रंग उतरला, हिरवा दे." "हे कॅलेंडर दाराच्या मांगं कोन लावते? समोर लाव." माझ्या दुकानातलं कॅलेंडर त्यांनी चार वर्षांत सहा भिंतींवर फिरवलं. दुकानाला भिंती तीनच आहेत. जेवायला काय मागवायचं, पंखा कितीवर ठेवायचा, येणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा द्यायचा की नाही, सगळं शालिकभाऊ ठरवणार, आणि ठरवताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मी नाही म्हणायचं विसरून जायचो.

काउंटरवर माझ्याकडे वीस वर्षांपासून रफिकभाई आहेत. ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, इनकी खुद की मिल है, वो चलाते नहीं. अपनी दुकान क्यों चला रहे?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायला मी अकोल्याला गेलो. पट्टा पोचवायचा होता, हे निमित्त. खरं म्हणजे मला बघायचं होतं की माझ्या दुकानात बादशहा असलेला हा माणूस स्वतःच्या मिलमध्ये कोण आहे.

कोणीच नव्हते, हे लगेच दिसलं.

मिल शोधताना पानटपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गावंड्याची गुलाबी मिल? सरळ जा, दिसतेच." गुलाबी हा शब्द त्यानं जपून वापरला होता. प्रत्यक्षात ती भिंत म्हणजे लहान मुलांच्या वाढदिवसाचा केक होता, फक्त दोनशे फूट लांब. चारी बाजूंना करड्या, मळक्या गिरण्या आणि मध्ये ही नवरी.

फाटकावर देवराव नावाचे चौकीदार होते, मिशा पांढऱ्या, छाती पुढे. मी रंगाबद्दल विचारताच छाती आणखी पुढे आली.

"म्या ठरवला," ते म्हणाले. "पेंटर आला, म्हने कोनता रंग देऊ? म्या भाऊले इचारलं. भाऊ म्हने, दिवसभर भिंतीकडे कोन पायते? म्या म्हनलं, मी. म्हने, मंग मले काहून इचारतं? तुले जो पायाचा हाये तो दे."

"आणि रंग झाल्यावर भाऊ काय म्हणाले?"

"दोन गिलास पानी पेले," देवराव म्हणाले. "मंग म्हने, मस्त."

मिलचा कायदा मला त्या दिवशी समजला. विचारायचं नाही. करायचं. मग सांगायचं. ज्याच्या हातात जे काम, त्याचा निकाल त्याच्याच तोंडात. मिस्त्री मशिन कधी बंद ठेवायचं ते ठरवणार, देवराव फाटकाचं ठरवणार, आणि तूर घ्यायची की परत पाठवायची, वाळत घालायची की उचलायची, हे पटांगणात तूर वाळवणारी पंचफुलाबाई ठरवणार. कोणी चुकून शालिकभाऊंना विचारलंच, तर ते बोट कडुलिंबाकडे करायचे. "त्याले इचार." आणि मंडळी, माणसं खरंच त्या झाडाखाली जाऊन उभी राहायची! दोन मिनिटं खाली बघायची, एखादी काडी मोडायची, आणि ठरवून परत यायची. झाडाचा सल्ला चुकला असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

झाडानं हात टेकले ते फक्त दिवाणजींपुढे. दिवाणजी, म्हणजे मिलचे कारकून, आधी तीस वर्षं दुसऱ्या एका मालकाकडे होते. तो मालक खिडकीचं एक दार उघडायचं की दोन्ही, हेसुद्धा सांगायचा. तिथं सुखात वाढलेला हा जीव शालिकभाऊंच्या राज्यात आला आणि वाळत चालला. एकदा डाळीची एकच गाडी उरली होती आणि मागणी दोन ठिकाणांहून होती, एक जळगाव, एक नागपूर. दिवाणजी कडुलिंबाखाली उभे राहिले ते दोन तास. इकडून शालिकभाऊ खिडकीतून बघताहेत, दोन्ही हात खिशात कोंबलेले, आणि मी बघतोय की त्या खिशांत मुठी वळताहेत, सुटताहेत. एक शब्द बोलले असते तर गाडी निघाली असती. बोलले नाहीत. शेवटी ट्रकवाल्यानंच ठरवलं. त्याची सासुरवाडी नागपूरकडे होती.

संध्याकाळी दिवाणजी घामेजल्या अंगानं आत आले.

"भाऊ, मले हे झेपत नाई. मी राजीनामा देतो म्हनतो." मग थांबले. "देऊ काय?"

शालिकभाऊंनी नसलेली टोपी नीट केली. "तुमीच ठरवा, दिवाणजी."

दिवाणजी अजून तिथंच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस जन्मतःच असा ढिला असेल. तोच तर घोळ होता. ज्याला माझ्या पंख्याचा वेग ठरवल्याशिवाय घास उतरत नाही, तो ढिला कसा? त्याला ठरवण्याची राक्षसी भूक होती. अकोल्यात कडक उपास आणि गुरुवारी अमरावतीत पारणं, असं ते व्रत चाललेलं होतं. मी एकदा विचारलं, "भाऊ, मिलमध्येच बसून गप्प राहिलं तर नाही चालत?"

"नाई ना बावा. मी तठी असलो का त्यायले माहं तोंड दिसते. तोंड दिसलं का इचारतात. इचारलं का माह्या जिभेले पानी सुटते. त्यापरीस गैरहजर असलेलं बरं."

"पण हे व्रत घेतलं कशासाठी?"

"डॉक्टरनं सांगतलं, डोक्याले ताप नोको," असं म्हणून त्यांनी माझं कॅलेंडर काढायला घेतलं.

मी काही असा सुटणारा माणूस नव्हे. दिवाणजींना गाठलं. ते म्हणाले, भाऊंनी नागपूरला कुठलंसं शिबिर केलं, तिथं टाय घातलेल्या माणसानं त्यांच्या डोक्यात हे भरवलं. देवराव म्हणाले, देवीला नवस. रफिकभाईंचं मत पडलं, किसी ज्योतिषी का काम है. खरं सांगितलं पंचफुलाबाईनं, आणि तेही मी तीन वेळा अकोल्याला खेटे घातल्यावर.

पंचफुलाबाई तायडे ही पन्नाशीची, उंच, सावळी बाई. पटांगणात पसरलेल्या तुरीतून ती पाय ओढत चालायची. सगळ्या बायका तशाच चालत, म्हणजे खालची तूर वर येते. पण हिच्या पावलांच्या रेघा फूटपट्टीनं आखल्यासारख्या पडत. आणि तिचा डावीकडचा दात. तुरीचा दाणा त्या दाताखाली ठेवून ती चावायची. कट् असा आवाज आला तर तूर कोरडी. आवाज न येता दाणा दबला तर ओली. गाडी परत. यंत्र होतं मिलमध्ये ओलावा मोजायचं. दिवाणजींनी ते पुसून कपाटात ठेवलं होतं.

"डॉक्टर नाई अन् फॉक्टर नाई," ती म्हणाली. "एक साल म्या तूर उचलून घेतली. आभाळ आलतं. मंग आभाळ गेलं निघून, पानी नाई आलं. भाऊ आले अन् साऱ्यायच्या समोर बोलले मले. तुले कोनं सांगतलं उचलायले? मालक तू का मी? म्या म्हनलं, ठीक हाये बावा. आता दुसऱ्या सालची गोठ आयका. भाऊ अमरावतीले लग्नात. फोन बंद. अठी आभाळ आलं, काळंभोर. आमी तेराही जनं पटांगनाच्या काठाले उभे. आभाळाकडे पायतो अन् फोनाकडे पायतो. पयला थेंब माह्या नाकावर पडला."

"मग? उचलली नाही?"

"कोनं सांगतलं होतं?" ती हसली, पण पदर तोंडाला लावून. "साऱ्यायचे हात रिकामे, फावडे बाजूले पडलेले, अन् तूर भिजून राहिली. दिवाणजीच्या हातात छत्री होती. थेबी त्यायनं नाई उघडली."

"भाऊ आले तेव्हा?"

"पान्यातच आले. म्हने, काहून नाई उचलली? म्या म्हनलं, तुमी वाळत घालायले सांगतलं होतं, उचलायले कुठी सांगतलं? मले वाटलं, आता हा मानूस आपल्याले काढून टाकते. तं खालीच बसले. ओली तूर ओंजळीत घेतली, पायली. मंग उठून म्हने, पंचफुला, चूक माही हाये. साऱ्यायसमोर म्हने. बोलले होते साऱ्यायसमोर, तं चूकबी साऱ्यायसमोर. अन् म्हने, आजपासून तुरीचं तू पाय. मले इचारलं तं पाय मोडतो."

तेरा माणसं पावसात उभी राहून मालाची नासाडी बघतात आणि एकही हात हलत नाही, हे दृश्य त्या माणसानं पाहिलं होतं आणि त्यात स्वतःचाच आवाज ऐकला होता. त्यानंतर तो आवाज बंद ठेवायला त्याला शंभर किलोमीटर लांब यावं लागत होतं.

आता या नाटकातला सर्वांत अवघड प्रवेश.

शालिकभाऊंना एकच लेक, मंगला. ती बाळापूरला दिली होती. व्याही केशवराव म्हणजे भारदस्त प्रकरण. शंभर माणसांत बसले तरी मधोमध बसल्यासारखे दिसणारे. आपल्याकडे व्याह्यासमोर माणूस जरा झुकूनच असतो, त्यातून मुलीचा बाप असला तर कंबरेतून. वऱ्हाडात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मंगला दरवर्षी यायची आणि त्या आठवड्यात शालिकभाऊ गुरुवारीसुद्धा अमरावतीला फिरकत नसत. वर्षातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींवर पाणी सोडायला तयार असलेला हा माणूस त्या आठ दिवसांसाठी जगत होता, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी आखाजी महिन्यावर आली होती. गुरुवार होता. ड्रॉवरमध्ये फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आठव्या वेळी शालिकभाऊंनी स्वतः ड्रॉवर उघडला. असं कधी झालं नव्हतं. रफिकभाईंनी हातातलं बेअरिंग खाली ठेवलं.

त्यांचा फोन कानाला लावला तरी अख्ख्या दुकानाला ऐकू यायचा. मंगला होती.

"बाबा, पंचफुलामावशीनं मामाजीची तूर वापस पाठवली. तीस कट्टे. गाडी आंगनात उभी हाये अन् मामाजी जेवले नाईत."

तीस कट्टे, म्हणजे तीस पोती. व्याह्यांची तूर, व्याह्याच्या मिलनं, फाटकातून परत.

"ओली असंल," शालिकभाऊ म्हणाले.

"हाये ना ओली, परवाच्या पान्यात सापडली होती. पन बाबा, मामाजी म्हनतात, तूर घेतली नाई तं आखाजीले पोरगी धाडत नाई. तुमी फोन करून सांगा ना मावशीले. एवढं एक बार."

त्यांनी फोन ठेवला. मग पंचफुलाबाईचा नंबर काढला. मला स्क्रीन दिसत होता. अंगठा हिरव्या बटणावर. नुसतं "घेऊन घे" म्हटलं असतं तर संपलं होतं. तिनं घेतली असती, कुरकुरलीही नसती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकाला फोन करून विचारणार होती, आजची गाडी घेऊ काय? परवाही विचारणार होती. पुन्हा तेरा माणसं काठावर.

अंगठा तसाच राहिला. मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि ओरडले, "रफिकभाई! ते सारे बेअरिंग खाली काढा. नंबरानं लावू. आत्ताच्या आत्ता!"

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आम्ही तिघांनी तासभर सगळे बेअरिंग काढले आणि लावले. शेवटचं जागेवर गेल्यावर शालिकभाऊ म्हणाले, "तुही गाडी काढ. मले बाळापूरले सोडून दे."

बाळापूरला केशवरावांनी आम्हाला ओसरीत बसवलं. पाणी आलं. चहा आला नाही. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

"इवाई, मिल तुमची हाये ना?" केशवराव व्याह्याला म्हणाले.

"हाये ना."

"मंग सांगा फोन करून गाडी घ्यायले."

"नाई सांगता येत."

"काहून?"

"मी सांगतलं तं उद्यापासून त्या बाईचा दात बंद पडंल. मंग माहा पटांगनच बंद पडलं समजा."

"म्हंजे पोरीच्या सासरापरीस ते बाई मोठी? गावात तोंड दाखवायले जागा नाई ठेवली तिनं. अन् तेबी एका—"

शालिकभाऊंनी मान वर केली. रोखून पाहिलं. केशवरावांनी पुढचा शब्द गिळला, आणि तो घशातून खाली जाताना मला दिसला.

"तुमी मोठे हा, इवाई," शालिकभाऊ शांतपणे म्हणाले. "पोरीचं सासर हाये, मी पायाशी बसाले तयार हाये. पन तूर ओली हाये." मग उठले, बाह्या वर केल्या. "आंगन मोकळं करून द्या. मी वाळवून देतो."

मुलीच्या बापानं व्याह्यांच्या अंगणात हातात फावडं घ्यायचं! केशवराव "अहो, अहो" करेपर्यंत ते गाडीवर चढले होते. मी तीन कट्टे उतरवायला मदत केली. माझ्या पाठीला ते अजून आठवतात. मंगला धावत आली. "बाबा, नोका ना करू, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. माहीत तं होईल का तूर कशी वाळवतात."

मग तिनं पदर खोचला, चपला काढल्या आणि तुरीतून पाय ओढत चालू लागली. केशवराव ओसरीतून बघत होते. भिंतीवरून अर्धं बाळापूर बघत होतं. मी पाचच्या सुमाराला निघालो तेव्हा आत कुणीतरी चहा टाकल्याचा वास येत होता.

दोन दिवस कडक ऊन पडलं. रविवारी माझं दुकान बंद असतं. असला खेळ सोडून घरी बसणारा मी नव्हे. सकाळीच अकोल्याला जाऊन गुलाबी भिंतीपाशी उभा राहिलो. शालिकभाऊंना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. त्यानंतर मी लेकाकडे पुण्याला गेलो, पाच महिन्यांनी परतलो तेव्हा ते नव्हते. त्यामुळे माझ्याजवळ आहेत ते हे रविवारचे शालिकभाऊ.

फाटकाबाहेर तुरीच्या गाड्यांची रांग होती. तिसरी गाडी बाळापूरची. तिच्या चाकाशी शालिकभाऊ, उन्हानं काळवंडलेले, नाकाची सालं निघालेली. मागं जीपमधून केशवराव उतरले. आपल्या तुरीला नापास करणारी बाई त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती.

"भाऊ, आत या ना," देवराव फाटक उघडत म्हणाले.

"मी माल घेऊन आलो आज. नंबर लागू दे."

नंबर लागला. पंचफुलाबाई आली. मालकाकडे तिनं पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, पदर नीट केला आणि कामाला लागली. कट्ट्यात नळी खुपसायची, चार दाणे हातावर घ्यायचे, एक दाताखाली. कट्. पुढचा कट्टा. कट्. दिवाणजी दारात उभे राहून ओठांनी मोजत होते. सत्तावीस वेळा कट्.

अठ्ठाविसाव्याला आवाज आला नाही.

तिनं दुसरा दाणा घेतला. त्यालाही नाही. एकोणतिसावा, तिसावा, तसंच.

"हे तीन कट्टे ओले हायेत," ती म्हणाली. "सावलीत टाकले होते काय?"

शालिकभाऊंनी हात डोक्याकडे नेला.

"भिंतीपाशी," ते म्हणाले. "म्याच टाकले होते. दुपारून सावली येते तठी, ध्यानात नाई आलं."

"मंग हे आज नाई घेत, भाऊ."

दिवाणजींच्या तोंडून "अरे देवा" निघालं. केशवराव पुढे झाले. त्यांनी हात पसरला. पंचफुलाबाईनं त्या हातावर त्याच कट्ट्यातला एक दाणा ठेवला. केशवरावांनी तो दाताखाली धरला, डोळे मिटले, चावला. बराच वेळ चावत राहिले.

"ओली हाये," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "बाई, त्या दिवशी माही तूर याच्याहून ओली होती?"

"लय ओली होती, साहेब."

"कोनाची हाये, माहीत नव्हतं तुले?"

"मले होतं ना माहीत. पन दाताले कुठी माहीत रायते?"

केशवरावांचा आधी खांदा हलला, मग पोट, आणि मग तो भारदस्त माणूस फाटकात उभा राहून असा हसला की जीपचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"इवाई, आखाजीले पोरीले कवा आनून सोडू?"

शालिकभाऊंचा हात डोक्याकडे निघाला आणि मध्येच खाली आला. "तिलेच इचारा," ते म्हणाले. "तिले जवा याचं असंल तवा."

तीन कट्टे खाली उतरवले गेले. हमाल पुढे आले, तर केशवरावांनी त्यांना हातानं थांबवलं आणि पहिल्या कट्ट्याचा एक कान स्वतः धरला. दुसरा शालिकभाऊंनी धरला. एक सत्तरीचा, एक साठीचा, दोघं व्याही कट्टा ओढत पटांगणात निघाले, पांढऱ्या कपड्यांना भुसा लागला, एकदा कट्टा निसटला आणि दोघंही एकमेकांवर ओरडले. पटांगणाच्या साधारण मध्यावर पोचल्यावर केशवराव थांबले.

"अठीसा टाकायचं का तिकडे?"

शालिकभाऊंनी उन्हाकडे पाहिलं, भिंतीच्या सावलीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग दोघांनी एकदमच मागं वळून पंचफुलाबाईकडे पाहिलं.

ती केव्हाच चौथ्या गाडीवर चढली होती.